अक्काच्या गाडीमागची ट्रॉली

अक्का गेली त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तिचा फोन वाजला. तो माझ्या खिशात होता. पलीकडून सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार बोलत होते. "अक्का, फुलकिडं लई झाल्यात. तुमच्या माश्यांसाठी फवारणी रोखून धरलीया. पेट्या कवा नेताय?" मी तिचा धाकटा भाऊ, असं सांगितलं, अक्का झोपेतच गेली, हेही सांगितलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आजउद्या न्हाय फवारत मी. पर बाग लई दिस दम धरायची न्हाय." फवारणी झाली असती तर अक्काच्या सगळ्या मधमाश्या मेल्या असत्या. त्या आणायला घरात माझ्याशिवाय गाडी चालवणारं कुणी नव्हतं, आणि मला मधमाशीची भीती वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते, पण तसं आहे खरं.

अक्का बार्शीला शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं मधमाश्या पाळल्या. बहार धरला की डाळिंबवाले तिच्या पेट्या बागेत नेऊन ठेवायचे, कारण माश्या फिरल्या की फळ चांगलं धरतं. पण टेम्पोवाल्यांना एकदा माश्या डसल्या की ते पुन्हा यायचे नाहीत. तेव्हा तिनं ठरवलं, आपल्याच जुन्या गाडीमागं ट्रॉली जोडायची. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका गॅरेजात आम्ही हुक बसवायला गेलो. मिस्त्री म्हणाला, "बंपरलाच वेल्डिंग मारून देतो मॅडम, अर्ध्या तासात मोकळ्या." अक्का हसली. "अरे बाबा, बंपर म्हणजे गाडीचा पदर. वजन पदराला बांधतात व्हय? कमरेला बांध की." मग गाडी वर उचलून चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, आडवा लोखंडी बार बोल्टनं आवळला, त्यावर ट्रॉली अडकवायचा गोळा बसवला, ट्रॉलीच्या दिव्यांसाठी वायर ओढली. ती गाडीखाली वाकून प्रत्येक बोल्ट बघत होती आणि मी, कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून रस्त्याकडं बघत होतो.

ट्रॉली मागं घ्यायला ती शाळेच्या मैदानावर शिकली. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. रविवारी सकाळी क्रिकेट थांबवून पोरं बघत उभी राहायची. "बाई, विकेट पाडली की," असं ओरडायची. महिन्याभरात तिनं त्याच पोरांच्या दोन स्टंपांमधून ट्रॉली मागं घेऊन दाखवली. तिनं केस रंगवणंसुद्धा सोडून दिलं होतं तेव्हा.

पहिल्या फेरीला मी बरोबर गेलो. पेट्या गाडीपासून जितक्या लांब तितकं बरं, म्हणून मी हट्टानं सगळ्या ट्रॉलीच्या मागच्या टोकाला रचायला लावल्या. माझा चेहरा बघून तिनं ऐकलं. मोहोळच्या पुढं गाडीनं वेग घेतला आणि मागून कुणी शेपूट धरून हलवावं तशी ट्रॉली डोलायला लागली. "ब्रेक मार, अक्का," मी म्हणालो. तिनं ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टेअरिंग सरळ धरलं आणि गप्प बसली. रस्त्यानं जणू तिचं ऐकलं... डोलणं कमी होत होत थांबलं. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर जी शांतता होती ती मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. बाजूला थांबून ती एवढंच म्हणाली, "मागं भार झाला की गाडीचं बूड उचलतंय. पेट्या पुढं घेऊ या. तू मागं बघू नको, म्हणजे झालं." पेट्या तिनं एकटीनं पुढं घेतल्या. मी काचा वर करून आत बसून होतो. त्यानंतर दर बहाराला ती विचारायची, "येतोस का रं?" आणि दर वेळी मला काहीतरी काम असायचं.

या वेळी सांगोल्याला मात्र गेलो. ट्रॉली मागं घ्यावी लागू नये म्हणून गाडी बागेबाहेरच वळवून उभी केली. दिवस मावळला, माश्या आत शिरल्या, बागायतदारांनी पेट्यांची दारं बंद केली. सगळ्या पेट्या पुढं, अगदी गाडीला लागून रचल्या. पेटी उचलताना हाताला आतली धडधड लागत होती. हजारो जीव एका लयीत गुणगुणत होते आणि ही बाई वर्षानुवर्षं हे सगळं एकटी ओढून नेत होती. बार्शीपर्यंत ट्रॉली एकदाही डोलली नाही. सकाळी पेट्यांची दारं उघडली तेव्हा माश्या बाहेर आल्या, उलट वळून पेटीकडं तोंड करून हवेत तरंगत राहिल्या. नवी जागा त्या अशी पाठ करतात म्हणे. मी हातभर अंतरावर उभा होतो.

गेल्या आठवड्यात करमाळ्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. पुढच्या बहाराला पेट्या हव्या होत्या. अक्का गेल्याचं त्यांना माहीत होतं. मी खरं ते सांगितलं, की मला पेटी उघडता येत नाही, जवळ जायलाही अजून भीती वाटते.

"त्येचं काय न्हाय," ते म्हणाले. "पेटीचं सगळं आमच्या मंडळींना अक्कांनी शिकवलंय. त्या म्हनायच्या, पेट्या तुमी बघा, गाडी घिऊन माझा भाऊ यील."

असं ती कधीपासून म्हणायची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. कुठल्या वाटेनं यायचं, तेवढं विचारून घेतलं.