एकाच घराचे दोन पत्ते

आधीच सांगून ठेवतो, यातलं सगळं मला नीट आठवतं असं नाही. ज्योती म्हणते, "बाबा, फोटो दोनदा परत आला होता, तीनदा नाही." असेलही. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, डॉक्टरेट केली होती, प्रयोगाचे आकडे रोजच्या रोज वहीत उतरवायची सवय होती. पण त्या चार वर्षांची वही मी ठेवली नाही, आणि आता सांगायला बसलं की प्रत्येक वाक्याला वाटतं, हे असंच झालं होतं का?

व्हिसाची फाईल जशी जाड होत जाते तसे किस्सेही वाढत जातात. फाईल शेवटी सरकारजमा होते. किस्से घरात उरतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्योतीचं, माझ्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न झालं. जावई कुरुंद्याचे. घरी हळदीची शेती, आणि संतोषराव स्वतः अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं. लग्नानंतर तीन आठवड्यांनी ते परत गेले. जाताना म्हणाले, "सहा महिने लागतील, सर. जास्तीत जास्त आठ." जावई असूनही ते मला सर म्हणत. हिंगोलीत सगळेच म्हणायचे.

लागली चार वर्षं.

*

ग्रीन कार्डवाल्याला बायको नेता येते, पण रांगेतून. अर्ज ज्या तारखेला पोचला ती तारीख म्हणजे तुमचा नंबर. दर महिन्याला तिकडून जाहीर होई की आता अमुक तारखेपर्यंतच्या लोकांचा विचार होईल. ही तारीख कधी तीन आठवडे पुढे सरके, कधी जागची हलत नसे. एका महिन्यात ती चक्क मागे गेली.

मी ही बातमी घरात सांगितली. सुमन, माझी पत्नी, भाकरी थापत होती. ती चौथी शिकलेली. तिनं हात थांबवला.

"मागं गेली म्हंजे?"

"म्हणजे आधी ज्या तारखेपर्यंत आले होते, त्याच्या आधीच्या तारखेवर गेले."

"आज मंगळवार हाय," ती म्हणाली. "उद्या सोमवार व्हईल का?"

मी समजावायला लागलो. कोटा, मागणी, पुरवठा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

"तुमी त्यायची बाजू काहून घेऊन राहिले?"

*

लग्न झालेली मुलगी माहेरी राहिली की गावाला पहिले सहा महिने कौतुक असतं. त्यानंतर लोक हळू आवाजात विचारतात. समोरच्या काकू रोज विचारायच्या, "आलं का हो पत्र?" वर्षभरानंतर त्यांनी प्रश्न बदलला. "जावईबापू बरे हायेत ना?" दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारणंच बंद केलं. ते जास्त लागलं.

ज्योती एका शाळेत शिकवायला जाऊ लागली. संध्याकाळी परत आली की आधी दाराच्या फटीतून आत पडलेला कागद बघायची, मग चप्पल काढायची. मी ते बघायचो आणि पेपर वाचत असल्यासारखं करायचो.

*

एकदा तिकडून विचारणा आली. अर्जातल्या चार माणसांची जन्मतारीख एकच कशी? संतोषराव, त्यांचे वडील, मी आणि सुमन, चौघंही एक जूनचे.

आमच्या भागातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पोर शाळेत घालायला बाप यायचा, त्याला तारीख ठाऊक नसायची, मग मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडायची, हिशेबाला सोपं. पण हे परदेशी साहेबाला कसं सांगायचं? मी मराठवाड्यातल्या ग्रामीण शिक्षणावर अडीच पानं लिहिली, खाली तळटीपा दिल्या. मग भीती वाटली की पुरावा लागेल. म्हणून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गोरेगावला गेलो. तिथं एक म्हातारे हेडमास्तर होते. संतोषरावांचं नाव त्यांनी, कुरुंद्याला असताना, शाळेत घातलं होतं.

त्यांनी खाटेवर बसून अडीच पानं वाचली.

"छान लिवलं," ते म्हणाले. "म्या अर्ध्या तालुक्याला एक जून दिली, सर. कोणाची तक्रार न्हाई आली."

मी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यात सही करणाऱ्याची जन्मतारीख लिहायची होती. हेडमास्तरांनी पेन उघडलं.

"माझी बी तीच हाय," ते म्हणाले. "माझ्या मास्तरनं टाकली."

ते प्रतिज्ञापत्र घेऊन मी शिक्क्यासाठी तहसिलीत गेलो. क्लार्कनं सगळे कागद एकावर एक लावले. पाच एक जून. त्याखाली ज्योतीचा दाखला, दवाखान्यातला, खऱ्या तारखेचा, नोव्हेंबरातला. त्यानं तो कागद बाजूला काढला आणि माझ्याकडे काळजीनं बघितलं.

"बाकीचं बराबर हाय, सर. हिचीच तारीख चुकली वाटतं."

*

फोटोचा किस्सा ज्योतीला अजून आवडतो. तेव्हा नियम असा होता की फोटो समोरून नको, तिरका पाहिजे, आणि उजवा कान पूर्ण दिसला पाहिजे. कानात काही नको.

आमचे फोटोग्राफर नामदेवराव. गावातल्या निम्म्या मुलींची लग्नं त्यांच्या फोटोवर ठरली होती. चेहऱ्यावरचा देवीचा व्रण ते पेन्सिलीनं असा पुसायचे की आईलाही आठवू नये.

सुमन स्टुडिओत सोबत आली होती. ज्योतीला कानातलं काढायला सांगितल्यावर ती उठूनच उभी राहिली.

"लग्न झालेल्या पोरीचा बोडका कान काढायचा?"

"वैनी," नामदेवराव म्हणाले, "सोयरे तोंड बघतात. हे सरकार कान बघून राहिलं. त्याला मी काय करू?"

पहिला फोटो परत आला, कानावर केसांची सावली होती. दुसराही परत आला, कान अर्धाच होता. तिसऱ्यांदा नामदेवरावांनी दोन दिवस घेतले. फोटो असा सुरेख आला की मी स्वतः तो पाकिटात घालताना समाधानानं बघितला. तोही परत आला. सोबत चिठ्ठी: फोटोवर हातानं काम केलेले चालत नाही.

मी चिठ्ठी घेऊन स्टुडिओत गेलो. नामदेवरावांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"कान तिचाच हाय," ते म्हणाले. "जरासा नीट केला."

*

आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. नंबर लावला होता, तोही रांगेतच. त्यामुळे संतोषरावांचा फोन गफूरभाईंच्या एसटीडी बूथवर यायचा, दर रविवारी सकाळी दहाला. ज्योती आत काचेच्या खोलीत. मी बाहेर बाकावर. बापानं पोरीचं आणि जावयाचं बोलणं ऐकू नये म्हणून मी नेहमी रस्त्याकडे तोंड करून बसायचो.

तिसऱ्या वर्षी कळलं की लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही, याचा पुरावा पाहिजे. फोनची बिलं चालतील. पण फोन तिकडून यायचा, आमच्याकडे बिल कुठून असणार? गफूरभाई म्हणाले, "मैं लिख के देता हूँ, सर. माझ्याकडं लेटरहेड आहे, शिक्का आहे."

मी बसून मजकूर इंग्रजीत करायचा, ते सांगणार, असं ठरलं.

"लिखो. ही बाई तीन साल झाले, दर इतवारी बराबर दहाला येते. एक इतवार चुकला नाही. फोन पे बात करती है, हँसती है, और रोती है."

मी लिहिलं की ती भावुक होते. गफूरभाईंनी विचारलं, काय लिहिलं? मी सांगितलं.

"भावुक क्या होता है? रोती है, लिखो. मी काचेतून बघतो, झूठ कशाला लिहायचं?"

मी खोडून 'रडते' लिहिलं. त्यांनी शिक्का काढला, फुंकर मारली, आणि मग शिक्का तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"सर, आपका नाम भी डालूँ? आप तो फोन पे बात भी नहीं करते, फिर भी."

*

आता जे सांगायचं ते माझ्या चुकीचं आहे.

एका फॉर्ममध्ये होतं की सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात, सगळे पत्ते जिल्ह्यासकट लिहा. ज्योती जन्मली, वाढली ती एकाच घरात. पण मधल्या काळात आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला होता. त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. मला झोप लागेना. नुसतं हिंगोली लिहिलं तर जुन्या वर्षांपुरतं ते खोटं ठरेल. नुसतं परभणी लिहिलं तर आजचं खोटं. खोटं लिहिलं तर अर्ज बाद, हे फॉर्मच्या खाली ठळक अक्षरात छापलेलं होतं. दुसऱ्या कोणीही माणसानं एक पत्ता लिहून सही केली असती. मी दोन दिवस विचार करून दोन पत्ते लिहिले. पहिला परभणी जिल्हा, अमुक तारखेपर्यंत. दुसरा हिंगोली जिल्हा, त्या तारखेपासून पुढे.

सुमननं विचारलं, "दोन काहून?"

"तांत्रिकदृष्ट्या दोन आहेत."

"आपण घर कधी बदललं?"

मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदार दोन जिल्ह्यांत राहिल्याचे दिसते, तरी दोन्ही ठिकाणच्या पोलिसांचे दाखले पाठवा. तोपर्यंत इंटरव्ह्यू नाही.

हिंगोलीचा दाखला मिळाला. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "तुमचं घर आता आमच्याकडं न्हाई." मी म्हणालो, घर तिथंच आहे. ते म्हणाले, "व्हय, पण आमच्याकडं न्हाई." परत हिंगोलीला आलो. तिथला हवालदार भला माणूस. त्यानं दोन्ही पत्ते वाचले आणि विचारलं, "तिकडून इकडं कवा राहायला आले, सर?"

"आम्ही आलो नाही. जिल्हा आला."

त्यानं मान हलवली. "हे रकान्यात कुठं लिवू?"

सात महिने गेले. ज्योती मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त एका रविवारी बूथमधून बाहेर आली आणि चालता चालता म्हणाली, "बाबा, हे विचारत होते, की घरच्यांचा विचार बदललाय का. कुरुंद्याला तशी कुजबुज आहे म्हणे." मी तिच्याकडे बघू शकलो नाही. चार वर्षांत जे कोणत्याही सरकारनं केलं नव्हतं ते माझ्या प्रामाणिकपणानं केलं होतं, असं मला वाटलं. अजून वाटतं.

त्या सात महिन्यांत मी वकिलातीला चौदा पत्रं लिहिली. जिल्हा विभाजनाच्या राजपत्राची प्रत जोडली. तालुक्यांचा नकाशा जोडला. एकाचंही उत्तर आलं नाही. आणि मग एक दिवस, दुसरा दाखला न जाताच, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पाच मिनिटांत काम झालं. महिन्याभरात ज्योती गेली.

माझ्या पत्रांनी काम केलं, असं मी पुढची कितीतरी वर्षं लोकांना सांगत होतो. बहुतेक नकाशामुळे, असंही म्हणायचो. सुमन तिथंच बसलेली असायची. कधी काही बोलली नाही.

सुमन गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी ज्योतीकडे गेलो होतो. तिनं नागरिकत्वाच्या वेळी आपल्या जुन्या फाईलची नक्कल मागवली होती. मी ती टेबलावर पसरून पान पान बघत बसलो. माझी चौदाही पत्रं होती. चौदाही पत्रांवर कोणीतरी लाल पेन्सिलीनं एकच शेरा मारला होता: कार्यवाही आवश्यक नाही.

त्यांच्यानंतर एका आंतरदेशीय पत्राची नक्कल होती. मराठीत. वर पत्ता इंग्रजीत, अक्षर एकेक करून काढलेलं, जसं कोणी दुसऱ्या पाकिटावरून बघून उतरवावं.

"साहेबास नमस्कार. ज्योतीची आई लिहिते. आमचं घर एकच हाय. पोरगी इथंच जन्मली, इथंच हाय. दोन पत्ते माझ्या मालकानी लिवले. ते लई शिकलेले हायेत, तवा त्यायला साधं लिवता येत न्हाई. चुकी त्यायची हाय, लेकराची न्हाई. लेकराला तिच्या घरी जाऊ द्या. पटत नसंल तर येऊन बघा, हिंगोलीत सरांचं घर कोणी बी दाखवील."

खाली टंकलेखन केलेलं इंग्रजी भाषांतर टाचलं होतं. त्यातल्या 'लई शिकलेले' या शब्दांखाली कोणीतरी रेघ ओढली होती.

पत्रावर पोचल्याचा शिक्का आहे. इंटरव्ह्यूचं बोलावणं त्यानंतर चौथ्या दिवशी निघालेलं आहे. दोन्ही तारखा मी ज्योतीकडून भिंग मागून तीन वेळा पडताळून बघितल्या.