चष्मा काढला की नाव सांगायचं

आंध्र प्रदेश सरकारचं असं मत होतं की आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी शाळेत मराठी मुलांना मराठी शिकवणाऱ्या बाईलाही तेलुगू आलं पाहिजे. मत वाईट नव्हतं. नोकरी कायम होण्यासाठी त्या भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागे आणि आई त्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची, त्यानंतर तिच्या जागी दुसऱ्या कुणाची नेमणूक होईल, हे तिला ऑफिसात बोलावून नीट समजावून सांगण्यात आलं. अर्थात तेलुगूत.

आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच. तिच्या आईवडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला होता. नापास झालो तर पुढे काय, हे तिला कुठल्याच भाषेत समजावून सांगावं लागणार नव्हतं.

तयारीची जबाबदारी मोठ्या मामाने घेतली. तो तहसील कचेरीत कारकून होता आणि हीच परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाला होता. पहिल्याच खेपेला पास झालेलेही काही लोक गावात होते, पण त्यांना परीक्षेचा अनुभव कमी होता. मामा तेलुगू शिकला नव्हता. तो शिकून आला होता परीक्षा घेणारा साहेब.

त्याचा सिद्धांत साधा होता. साहेब तोच असतो, प्रश्न तेच असतात, आणि प्रत्येक प्रश्नाआधी साहेब काहीतरी करतो. चष्मा काढला की नाव विचारतो. चष्मा घातला की कुठून आलात ते. बोटातली अंगठी फिरवली की पाऊसपाणी. खिडकीबाहेर पाहिलं की शाळेतली मुलं किती.

"म्हंजे त्याचं बोलणं आयकायचंच नाही?" आईने विचारलं.

"आयकून काय करशीन? दोनदा आयकलं ना तू. काय झालं?"



रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की मामा पत्र्याच्या खुर्चीवर साहेब होऊन बसे. अंगठी नव्हती म्हणून तो सायकलचा एक नट बोटात घाली. चष्मा त्याचा स्वतःचा होता. आई समोर स्टुलावर बसे. मामा तोंडाने काहीच विचारत नसे, कारण त्याचे तेलुगू उच्चार ऐकून ती बिघडेल अशी त्याला काळजी होती. तो चष्मा काढी, आई म्हणे, "ना पेरु..." आणि पुढे आपलं नाव. तो नट फिरवी, आई म्हणे, "बागा उन्नायि," म्हणजे छान आहेत. छान म्हणजे पाऊस. तेलुगूचा तो बहुधा जिल्ह्यातला एकमेव वर्ग असावा ज्यात तेलुगू प्रश्न कधी ऐकूच आला नाही.

प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. महिनाभरात मामाचा हात कानापर्यंत पोचायच्या आत आई नाव सांगून मोकळी होई. एकदा गरम वरणाच्या वाफेने मामाचा चष्मा धुरकटला. तो त्याने पुसायला काढला आणि वाढता वाढता आईने ताटावरच सांगितलं, "ना पेरु..."

मामाने समाधानाने मान हलवली. "आता झोपेतूनई पास होशीन तू."

आईचं एक वेगळंही तेलुगू होतं, पण ते अभ्यासात धरलेलं नव्हतं. ती रोज आदिलाबादहून बेला गावाच्या बाजूला सरकारी बसने शाळेत जाई. कंडक्टर तेलुगू. तिकीट, सुटे पैसे, जागा, उशीर, या विषयांवर ती त्याच्याशी रोज भांडे, आणि तेलुगूतच भांडे. खाली उतरली की ते तेलुगू बसबरोबर पुढे निघून जाई. उतरल्यावर भाजीवालीने तेलुगूत भाव सांगितला तर आई तिला हिंदीत विचारी, "क्या बोली?" हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही. भांडण म्हणजे भाषा येणं, असं आमच्याकडे कुणी मानत नसे.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले होते. दार उघडं होतं आणि व्हरांड्यातल्या बाकावरून आतलं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं, आणि शाळेत तेलुगू असल्याने मला कळतही होतं. साहेब तोच होता. अंगठी तीच होती. फक्त चष्मा नवा होता, आणि तो त्याला मानवत नव्हता. समोर पाहायचं तर तो चष्मा काढी, कागद पाहायचा तर घाली, आणि प्रश्न मात्र समोर पाहूनच विचारी.

त्याने चष्मा काढला आणि नाव विचारलं. आईने नाव सांगितलं. सिद्धांत खरा ठरला.

मग त्याने चष्मा घालून ते नाव कागदावर शोधलं. आई लगेच म्हणाली, "आदिलाबाद." साहेबाने अजून काही विचारलं नव्हतं. त्याने चष्मा काढला आणि विचारलं, शाळा किती वर्गांची आहे. आईने नाव सांगितलं. त्याने चष्मा घातला. आई म्हणाली, आदिलाबाद. त्याने चष्मा काढून, जरा सावकाश, विचारलं की घरी कोण कोण असतं. आईने पुन्हा नाव सांगितलं, या वेळी वडिलांच्या नावासकट.

साहेब अंगठी फिरवू लागला. शाळेचं छप्पर गळतं का, असं त्याने विचारलं.

"बागा उन्नायि," आई म्हणाली.

जिल्ह्यातल्या सरकारी शाळेच्या छपराबद्दल असं मत त्याने पूर्वी ऐकलं नसावं. तो खिडकीबाहेर पाहू लागला. आईने मुलांची संख्या सांगितली.

त्याने पेन उघडलं. बाकावरून मला ते पेन दिसत होतं आणि ते काय लिहिणार हेही समजत होतं. आईला समजलं नाही, कारण पेन मामाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. लिहिण्याआधी साहेबाने दाराकडे पाहिलं. पुढच्या उमेदवारांची दारात गर्दी झाली होती, निम्मे आत, निम्मे बाहेर. तो वैतागून मोठ्याने म्हणाला, "मुंदुकु जरगंडि." म्हणजे पुढे सरका. त्या भागात हे वाक्य तेलुगू न येणाऱ्यालाही येतं, कारण दिवसातून अनेकदा ते बसमध्ये पाठीवर पडतं.

आई उठली. पिशवी काखेत दाबली, अंग तिरकं केलं आणि टेबलाला कंबर लागेपर्यंत पुढे सरकली. मागे एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडली. मग तिचा डावा हात वर गेला आणि तिथे दांडी नसल्याने तसाच राहिला.

साहेबाने पेन खाली ठेवलं. थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "एक्कडिकि?" कुठे जायचं?

"बेला ओकटि. चिल्लर उंदि." बेला एक, सुटे आहेत.

आज उशीर का झाला, असं त्याने विचारलं. हा प्रश्न कंडक्टरने प्रवाशाला विचारायचा नसतो, आणि आईने ते त्याला स्पष्ट सांगितलं. काल पण उशीर, परवा पण उशीर, हजेरी माझी जाते, तुमचं काय जातं, मुलं शाळेच्या दारात उभी, आणि वर मलाच विचारता. हे सगळं एका दमात, तेलुगूत, क्रियापदांसकट.  साहेबाने मग दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींची उत्तरं दिली आणि दुसऱ्या उत्तरात त्याला जरा झापलं. या सगळ्या वेळात त्याने चष्मा दोनदा काढला. तिने नाव सांगितलं नाही.

ती पास झाली. काही आठवड्यांनी नोकरी कायम झाली.

घरी आल्यावर मी पाहिलेलं सगळं सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. आपला सिद्धांत चुकला असं त्याला वाटलं नाही, अपुरा होता असं वाटलं.

"उठली तवा पयले पिशवी उचलली का पयले हात?"

"पिशवी," आई म्हणाली.

"हां. आन् डावा हात का उजवा?"

पुढच्या वर्षी बेल्याकडच्या तीन शिक्षिका आमच्याकडे तयारीला येऊ लागल्या. आता आई पास झालेली होती, म्हणून शिकवायचं तिने. मामाने खोलीतून स्टूल काढून टाकलं. चष्म्याचा धडा झाला, नटाचा झाला, मग आईने तिघींना उभं केलं, पिशव्या काखेत दाबायला लावल्या आणि मोठ्याने म्हटलं, "मुंदुकु जरगंडि." तिघी डावा हात वर करून भिंतीपर्यंत सरकल्या. त्यातली एक, नवीन होती, भिंतीला नाक लावूनच म्हणाली, "बाई, आमी तं रोज सायकलनं जातो. हे कायले करून राह्यलो आपण?"

"कायम व्हायचं हाय ना तुले?"

"हो."

"मंग सरक."