मोट आणि मूळ

रंगाच्या कारखान्यात ती आकडेमोड सांभाळायची, म्हणून तिला सगळे आकडेताई म्हणत. कामगारांच्या तक्रारी तिच्या टेबलावर आल्या: डोकेदुखी, हात थरथरणं, झोप उडणं, विसरणं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांना मात्र प्रत्येक कामगारामागे एकच आकडा हवा होता. तिने प्रिन्सिपल कंपोनंटची, म्हणजे अनेक आकड्यांतला जास्तीत जास्त फरक एका आकड्यात गोळा करण्याची रीत वापरून सगळ्या तक्रारींची एक मोट बांधली आणि तिला नाव दिलं, 'अशक्तपणा'.

"साहेब, ही नुसती मोट आहे," ती म्हणाली. "फॅक्टर ॲनालिसिस वेगळं. तक्रारींमागे एखादं समान मूळ दडलंय असं धरून ते चालतं, आणि प्रत्येक तक्रारीचा स्वतःचा भाग बाजूला काढतं. ते करून बघू?"

"मुळं उकरायला तुम्हाला ठेवलेलं नाही."

नोकरी जाईल म्हणून तिने तोच आकडा साहेबांना दिला. ज्यांचा आकडा मोठा, त्यांना साहेबांनी अशक्त ठरवून घरी बसवलं. त्यात पहिला तिचा धाकटा भाऊ, रंग फवारण्याच्या, वाफा कोंडलेल्या बंद खोलीत राबणारा.

आता तीच त्याला चमच्याने भरवते.

"ताई, मी मुळातच अशक्त होतो का गं?" तो रोज विचारतो.

'अशक्तपणा' हे नाव तिनेच ठेवलेलं आहे. ती पुढचा घास उचलते.