आई रेडिओवर गायली तेव्हा

मी सहावीत असताना आईला रेडिओवर फुगडीचं गाणं म्हणायला बोलावलं. कार्यक्रम कुडाळच्या एका हायस्कुलात लोकांसमोर होणार होता आणि त्याच वेळी थेट रेडिओवरही लागणार होता. काकांचा मासळीचा टेम्पो बाबांनी दोनदा धुतला आणि आम्ही चौघं देवबागहून सकाळीच निघालो. मी आणि धाकटी बहीण मागे चटईवर बसलो होतो. पुढे आई वाटभर गाणं पुटपुटत होती.

हॉलमध्ये आम्हाला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. आईचं नाव पुकारलं तेव्हा पाहिलं, तर बाबांची खुर्ची रिकामी. आईलाही ती माइकसमोरून दिसली असणार. पहिली ओळ तिने फार हळू म्हटली. मग डोळे मिटले आणि घरी म्हणायची तशी मोकळ्या गळ्याने गायली. टाळ्या पडल्या, पण मला बाबांचा रागच आला होता.

बाहेर आलो, तर बाबा समोरच्या हॉटेलातून लगबगीने येत होते.

"खंय होतास तुमी?" आईने विचारलं.

"थंय, हॉटेलात. घरात तुका रोजच ऐकतंय. रेडिओर कशी गातंस, ता माका ऐकूचा होता."

"मगे?"

बाबांनी रुमालाने डोळे पुसले, आणि भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, आईचा हात धरला.