रिकामा महिना

नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा शिराळ्याजवळच्या आमच्या गावात प्रत्येकाने एकच सल्ला दिला : रान घे. दिरांनी तर ओढ्याकडेचा तुकडा हेरूनही ठेवला होता. पण यांच्या डोक्यात वेगळंच होतं. सांगलीत एक फ्लॅट घ्यायचा, थोडे आपले पैसे घालायचे, बाकीचं कर्ज काढायचं, आणि हप्त्याचा मोठा वाटा येणाऱ्या भाड्यातून भागवायचा. उरलेल्याला पेन्शन होतीच.

मी लगेच हो म्हणाले. माझं कारण मात्र निराळं होतं. लग्नानंतर दोन वर्षं मी यांच्याबरोबर उत्तरेत फॅमिली क्वार्टरमध्ये राहिले होते. दोन खोल्या, पुढे हातभर बाग, आणि माणसं दोनच. मग यांची बदली सीमेवर झाली आणि मी गावी आले, सासूसासरे, दीर, जावा, गोठा यांच्यात. वाईट काहीच नव्हतं. पण त्या दोन खोल्यांची आठवण अशी काही यायची, की भाकरी थापता थापता हात थांबायचा. फ्लॅट म्हटल्यावर मला त्याच दिसल्या.

आमची हळद ज्यांच्या अडतीवर जायची ते जैन व्यापारी आम्हाला घरं दाखवायला घेऊन फिरले. त्यांना सगळे आण्णा म्हणत. स्वतःची पाच-सहा घरं त्यांनी भाड्याने दिली होती. विश्रामबागेत एक कोपऱ्यावरचा फ्लॅट मला बघताक्षणी आवडला. गॅलरी मोठी, खाली गुलमोहर, ओट्यावर सकाळचं ऊन. मी खिडकीपाशीच उभी राहिले.

आण्णा हसून म्हणाले, "वहिनी, तुमी घर बघायला आलाय का भाडं बघायला?"

"दोनी एकच की."

"न्हाई. ऱ्हायला घर घेताना मन बघतं. भाड्यासाठी घेताना पोरापोरींच्या कॉलेजचं अंतर बघायचं, पाणी किती वेळ येतंय ते बघायचं, महापुरात गल्लीत पाणी कुठवर आलतं ते शेजाऱ्याला विचारायचं. बिल्डरला न्हाई. गुलमोहराचं भाडं कोन जादा देत न्हाई."

मग त्यांनी आतल्या बाजूचा, स्वस्त फ्लॅट दाखवला. गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. भाडं दोन्हींचं जवळपास सारखंच मिळणार होतं. यांनी कागदावर हिशेब मांडला : भाडं, त्यातून सोसायटीचा खर्च, घरपट्टी, दुरुस्ती. आण्णांनी शेवटी एक ओळ वाढवायला लावली. "वर्षाचं भाडं अकरा महिन्यांचंच धर, फौजी. एक महिना घर रिकामं ऱ्हातंय. ते जो धरत न्हाई, तो बुडतो."

भिंतीवाला फ्लॅट घेतला. बँकेत कर्जाच्या कागदांवर माझीही सही लागली. घराच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मी ते फार सावकाश लिहिलं.

पहिल्या वर्षी कॉलेजच्या दोन मुली राहिल्या. मे महिन्यात परीक्षा आटोपून त्या गेल्या आणि घर रिकामं झालं. हे रंगाऱ्याला फोन लावत होते. मी म्हटलं, "आवं, मजुरी कशाला? आपुनच जाऊ की रंगवायला."

मुलाला सासूबाईंपाशी ठेवून आठ दिवस आम्ही दोघंच तिथे राहिलो. एक स्टोव्ह, दोन पातेली, एक वळकटी. भिंती हे रंगवायचे, खिडक्या मी. सकाळी उठायची घाई नव्हती, कारण धार काढायची नव्हती. चहा हे करायचे, फौजेत करायचे तसा, आलं ठेचून. संध्याकाळी केसांत रंगाचे ठिपके घेऊनच आम्ही फिरायला निघायचो आणि भडंगाची पुडी घेऊन एखाद्या कट्ट्यावर बसायचो. एकदा हे म्हणाले, "क्वार्टरमधी तू गुलाब लावलावतास. तुला गावी सोडून मी क्वार्टर खाली कराया परत गेलो तर वाळलावता. तुला कवा सांगितलं न्हाई."

इतक्या वर्षांनी ते मला कळलं. गावच्या घरात असं बोलायला जागाच कुठे होती?

नंतर एक नर्सबाई आणि तिचा नवरा राहायला आले. माणसं इतकी चांगली, की अकरा महिने झाले की करार पुढे चालू. घर एक दिवससुद्धा रिकामं राहिलं नाही. आण्णांनी यांच्या पाठीवर थाप मारली. मी मात्र दरवर्षी मे आला की फोनकडे कान लावून बसायचे, सोडतोय म्हणतात का ते ऐकायला. मग स्वतःचीच लाज वाटायची. त्यांना मुलगी झाली, ती मला आजी म्हणू लागली.

गेल्या वर्षी कर्ज फिटलं. हे साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले. मी धीर करून म्हटलं, "आता जाऊया का आपुन ऱ्हायला?"

यांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधून ठेवला. मग म्हणाले, "आईला कोन बघंल? आनि भाड्यावर पोराचं शिक्षान चाललंय. त्या पोरीला शाळा जवळ हाय. त्यास्नी उठा म्हनशील तू?"

मला ते म्हणवलं नसतं.

या दिवाळीत नळ गळत होता म्हणून आम्ही दोघं गेलो. भाडेकरू गावी गेले होते, किल्ली शेजारी ठेवली होती. हे नळ बसवत होते आणि मी त्यांच्या सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखी बसले. भिंतींना आता दुसराच रंग होता. चहा करावासा वाटला, पण दुसऱ्या बाईच्या डब्यांना हात कसा लावायचा?

परतीच्या एसटीत हे एकाएकी म्हणाले, "येक काम करू. मे महिन्यात आठ दिवस खोली भाड्यानं घेऊ. आईपाशी तुझी धाकटी जाऊ थांबंल."

मी हसले. पण पुढच्याच बाजाराच्या दिवशी आम्ही खरंच शिराळ्यात एक खोली बघायला गेलो. माडीवरची, छोटी, पुढे गच्ची. घरमालकीणबाईंनी विचारलं, "किती माणसं?"

"दोघंच," मी म्हटलं.

"किती वर्षांसाठी?"

हे म्हणाले, "आठ दिवस."

बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. "आठ दिवसांसाठी कोन खोली देतंय ओ? वर्षभर ऱ्हानारं कोन असलं तर सांगा."

आम्ही पाणी पिऊन जिना उतरलो. हे म्हणाले, आणखी एक-दोन ठिकाणी विचारू, आपला ऊस कारखान्याला गेल्यावर. मी होय म्हटलं. ऊस अजून उभाच आहे.