जिथली वस्तू तिथेच

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे दाजी म्हणतो, त्यांनी त्रेचाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. त्यांच्या कामाला एक शास्त्र होते आणि त्या शास्त्राला अपवाद नव्हता. घड्याळ उघडले की पहिला स्क्रू पहिल्या बशीत, दुसरा दुसऱ्या बशीत, याप्रमाणे सर्व भाग ओळीने मांडायचे आणि मग उलट क्रमाने, जो भाग जिथून निघाला तिथेच बसवायचा. दुकान बंद होऊन सहा वर्षे झाली, तरी हे शास्त्र घरात अबाधित आहे. धुतलेला चमचादेखील दाजी ज्या चमच्याखालून उचलला त्याच चमच्याखाली ठेवतात.

ताईचे आयुष्य याच्या अगदी उलट, म्हणजे सतत हलते. तिने सव्वीस वर्षे शहराची बस चालवली. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून दुकानाच्या पत्रव्यवहारासाठी घेतलेल्या अकरा वर्षांच्या जुन्या संगणकावर ती मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळू लागली. एका संघात चौघे, प्रत्येकाने एकेक टप्पा गाडी चालवायची, आणि चौघेही आपापल्या घरी बसून कानावरच्या हेडफोनमधून एकमेकांशी बोलणार, असा तो प्रकार. संघाची कप्तान दुसऱ्या गावची एक दंतवैद्य होती. ताई या खेळातही वळण्यापूर्वी दिवा दाखवत असे, मागे चिटपाखरू नसले तरी.

परंतु संगणक थकला होता. वळण आले की पडद्यावरचे चित्र थांबायचे, आणि पुन्हा हलू लागायचे तेव्हा गाडी भिंतीत असायची. एके दिवशी कप्तानने विषय काढलाच.

“मावशी, राग मानू नका, पण काल तुम्ही एकाच भिंतीत तीनदा गेलात.”

“मी कुठे गेले? भिंतच आली माझ्याकडे.”

“तेच म्हणते मी. तुमचा कम्प्युटर म्हातारा झालाय. शनिवारी संध्याकाळी एक चाचणी घेऊ. पावणेतीन मिनिटांच्या आत टप्पा संपवलात तर रविवारच्या स्पर्धेत तुम्ही. नाहीतर राखीव.”

राखीव हा शब्द ताईला फार लागला. “सव्वीस वर्षांत मला गाडीवरून कुणी उतरवलं नाही,” एवढेच ती म्हणाली आणि आमटीत दुसऱ्यांदा मीठ घालून मोकळी झाली. दाजींनी ती खारट आमटी निमूटपणे संपवली, हात धुतले आणि जाहीर केले, “कम्प्युटर म्हणजे तरी काय? मोठं घड्याळच. मी करतो तरुण.”

गुरुवारी आम्ही दोघे संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानाच्या मालकीण बाईंनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि तीन वस्तू पुढे ठेवल्या: चित्र वेगाने रेखाटणारे ग्राफिक्स कार्ड, जादा मेमरीच्या दोन पट्ट्या, आणि नव्या कार्डाची भूक भागेल असा मोठा पॉवर सप्लाय.

“काका, मी उद्या येऊन बसवून देते.”

“बाई, तुमच्या नखाएवढ्या घड्याळात मी चौदा चाकं बसवली आहेत. हे तर कपाट आहे!”

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून शस्त्रक्रियेला आरंभ झाला. घरातील यच्चयावत बशा कामाला लागल्यामुळे मला चहा नुसत्या कपातून घ्यावा लागला, आणि वर विजेरी धरावी लागली ती निराळीच. दाजींनी डोळ्याला भिंग लावले. संगणकाच्या पाठीला एकूण सहा वायरी होत्या. प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी बांधण्यात आली, त्या त्या भोकाशेजारी तोच क्रमांक चिकटवण्यात आला आणि एका कोऱ्या कागदावर पाठीचा नकाशा काढण्यात आला. मॉनिटरच्या वायरीचा क्रमांक चार होता.

झाकण निघाले तेव्हा आत मफलर विणता येईल इतकी धूळ होती.

“अहो, हे काय, कुणी घरटं केलंय का?” ताईने डोकावून विचारले.

“तू लांब हो. तुझा श्वास लागेल त्याला.”

दाजींनी धूळ झटकली, जुना पॉवर सप्लाय काढून नवा बसवला, मेमरीच्या पट्ट्या ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबल्या आणि कार्ड त्याच्या खाचेत असे अलगद सरकवले की पाहत राहावे. मग झाकण, मग स्क्रू, मग सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, अशा वायरी. बशीत काहीही उरले नाही. बटण दाबताच संगणक पहिल्या फटक्यात सुरू झाला आणि दाजींनी भिंग उतरवून माझ्याकडे असे पाहिले की मी आपोआप खुर्चीवरून उठलो.

ताईने गाडी काढली. पहिले वळण आले. चित्र थांबले.

“अहो,” ती म्हणाली, “भिंत आहे तिथेच आहे.”

त्यानंतर शनिवारच्या दुपारपर्यंत तो संगणक तीन वेळा उघडला आणि तीन वेळा तितक्याच शिस्तीने मिटला. चौथ्यांदा दाजी बशा मांडू लागले तेव्हा ताईने त्यांचा हात धरला.

“राहू द्या आता. राखीव तर राखीव. बसेन ऐकत.”

ती रागावली असती तर दाजींनी ते सोसले असते. तिचा हा मऊ स्वर मात्र त्यांना सोसवला नाही. त्यांनी मुकाट्याने दुकानात फोन लावला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे फोनमधले बोलणे घरभर ऐकू येत होते.

“काका, कार्डावरचा पंखा फिरतोय?”

“झकास फिरतोय. आवाजसुद्धा नाही.”

“मग मॉनिटरची वायर कुठे लावलीय?”

“जिथून काढली तिथे.”

“म्हणजे वरच्या, जुन्या सॉकेटमध्ये?”

“अहो बाई, चार नंबरची वायर, चार नंबरचं भोक. नकाशा आहे माझ्याकडे!”

पलीकडे बाई हसू दाबत होत्या, हे मला तरी कळले.

“काका, नव्या कार्डाला खाली स्वतःची सॉकेटं आहेत. मॉनिटर तिथे जोडायचा. नाहीतर कार्ड नुसतं बसून राहतं आणि सगळं काम जुना कम्प्युटरच ओढतो.”

“पण तिथून काही निघालंच नव्हतं,” दाजी म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा बिनतोड होता.

ताईला मात्र हसू आवरेना. “म्हणजे दोन दिवस नवा ड्रायव्हर मागच्या सीटवर बसून होता, आणि गाडी हा म्हातारा हाकत होता!”

“हस, हस,” दाजी म्हणाले.

ते संगणकामागे वाकले. चार क्रमांकाची वायर त्यांनी उपटली. पण ती अनोळखी भोकाशी नेताना त्यांचा हात थबकला. बारीक काटे बसवतानाही न अडखळणारा तो हात मी प्रथमच असा घुटमळताना पाहिला. मग त्यांनी डोळे मिटले आणि वायर खोचली.

सहाला पाच मिनिटे कमी असताना चाचणी सुरू झाली. पडद्यावर झाडांना प्रथमच सुटी सुटी पाने दिसली. गाडी पाण्यासारखी वाहू लागली, पहिले वळण गेले, दुसरे गेले, आणि ताईने करकचून ब्रेक दाबला.

“मावशी! थांबलात का?”

“अगं, कडेला माणसं उभी आहेत.”

“ती चित्रातली आहेत! पहिल्यापासून आहेत!”

“मला इतके दिवस ते खांब वाटायचे.”

ती फेरी अर्थातच वाया गेली. कप्तानने नाइलाजाने आणखी एक दिली. ती निम्मी झाली असेल नसेल, तोच सहा वाजले आणि दाजींच्या घरातील भिंतीवर टांगलेली सात लंबकाची घड्याळे एकापाठोपाठ एक ठणाणू लागली.

“हे काय? आग लागली का तुमच्याकडे?” कप्तान ओरडली.

“सहा वाजले,” ताई म्हणाली आणि न डगमगता गाडी हाकत राहिली. शेवटच्या वळणावर तिने दिवाही दाखवला. वेळ आली दोन मिनिटे एकेचाळीस सेकंद.

“उद्या सकाळी नऊला. तिसरा टप्पा तुमचा,” कप्तान म्हणाली. “पण मावशी, हात जोडते, तेवढे टोले आवरा.”

ताईने हेडफोन उतरवले आणि पुढचे वाक्य कसे उच्चारावे याचा विचार करू लागली, कारण चालत्या घड्याळाला हात लावून थांबवणे हा दाजींच्या लेखी अपराध होता. त्यांनी तिला विचार करू दिला नाही. “सांगायला नको,” ते म्हणाले, “कप्तानबाईंचा आवाज हेडफोनबाहेरही येतो.”

रविवारी पावणेनऊला दाजी स्टुलावर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सातही लंबक एकामागून एक धरले. घर इतके शांत झाले की नव्या पंख्याची बारीक घरघर ऐकू येऊ लागली. तिसऱ्या टप्प्यावर गाडी ताईच्या हाती आली तेव्हा संघ नववा होता. तिने दुसऱ्याच्या स्वाधीन केली तेव्हा सहावा. पुढे काय व्हायचे ते होऊन अकरा संघांत पाचवा क्रमांक आला. कप्तान इतकी आनंदाने किंचाळली की ताईने हेडफोन कानापासून वीतभर लांब धरले.

मी घड्याळांची चावी घेऊन दाजींपाशी गेलो. ते पहिल्या घड्याळासमोर उभे होते. पण लंबकाला त्यांनी हात लावला नव्हता.

“अगं,” त्यांनी मागे न बघता विचारले, “अजून एखादी फेरी मारणार आहेस का? मारणार असलीस तर हे असेच राहू देतो.”

ताईने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले.