चौलची मशीद, रेवदंड्याचं चर्च आणि बाबांच्या टाळ्या

चौल-रेवदंड्याला मी एकटीच जाणार होते. खाडीच्या तोंडाशी अगदी जवळजवळ दोन जुनी गावं: चौलला निजामशाहीच्या काळातली मशीद आणि हमामखाना, रेवदंड्याच्या किल्ल्यात पोर्तुगीजांची चर्चं. दोन्ही एका दिवसात पाहून तुलना करायची, असा ब्लॉगसाठी बेत होता. शुक्रवारी रात्री जेवताना सहज बोलले, तर बाबांनी विचारलं, "खोली चौकोनी असते आणि घुमट गोल. मग तो वर बसवलाय कसा?"

"माहीत नाही."

"मग लिहिणार काय?"

बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. काचबिंदूने गेल्या वर्षी नजर जवळजवळ नेली. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तेव्हापासून डॉक्टरकडे जाण्याखेरीज ते कामोठ्याच्या फ्लॅटबाहेर पडलेले नव्हते. मी म्हटलं, "तुम्हीच चला की."

बराच वेळ ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या सीटवर बसेन."

शनिवारी उजाडताच निघालो. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, चौल असा सरळ रस्ता आहे. पेणपर्यंत गाडी छान पळते, वडखळच्या आसपास मात्र खड्डे आणि ट्रक यांचा संयुक्त कार्यक्रम. लवकर निघाल तर वाचाल. वडखळला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, ते देतात. अलिबागच्या पुढे नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू झाल्या तसं बाबांनी काच खाली केली आणि म्हणाले, "गारवा आला. झाडी दाट दिसते."

चौलचा हमामखाना म्हणजे जुनं स्नानगृह. बाहेरून साधा, काळ्या दगडाचा. आत पाऊल टाकलं आणि मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "किती सुंदर!"

"सुंदर नको. कसं आहे ते सांग."

मग मी पहिल्यांदा नीट पाहिलं. खोलीच्या चारही कोपऱ्यांत तिरक्या छोट्या कमानी होत्या. त्यांच्यामुळे चौकोनाचा अष्टकोन झाला होता आणि त्या अष्टकोनावर घुमट अलगद टेकला होता. सांगता सांगता मला बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. बाबा मान हलवत होते. "कोपरे कापलेत तर! शहाणे लोक." घुमटातल्या भोकातून उजेडाचा झोत खाली येत होता. बाबा हात पुढे करून हळूहळू सरकले आणि बरोबर त्या झोतात येऊन थांबले. चेहरा वर केला. "इथे आहे," म्हणाले. मग त्यांनी टाळी वाजवली. आवाज घुमून चारी बाजूंनी परत आला. वटवाघळं उडाली, मी किंचाळले आणि बाबा पोट धरून हसले. असं हसणं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मशीद पडकी आहे. कमानींतून झुडपं वाढलीत. बाबा माझा हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, मग समोरच्या भिंतीपर्यंत. ती चटकन आली. "रुंद जास्त, खोल कमी," ते म्हणाले. "माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहणार ना, मग लांब ओळी हव्यात."

दुपारी रेवदंड्यात एका घरगुती खानावळीत सुरमईची थाळी जेवलो. सहाशेच्या आत दोघांचं झालं. सोलकढी बाबांनी तीनदा मागितली.

रेवदंड्याचा किल्ला म्हणजे तटाच्या आत वाड्या, घरं आणि मधूनच उभे असलेले चर्चचे अवशेष. एका वाडीत सुपाऱ्या वाळत घालणाऱ्या बाईंनी हटकलं, "चर्चात जाताव काय? म्हाताऱ्यांना संबाला. वाटेव बाव हाय, कठडा नाय."

बाव म्हणजे विहीर. मी बाबांचा दंड असा धरला की त्यांनी तो झटकलाच. विहीर मागे पडली, आम्ही चर्चमध्ये शिरलो. छप्पर गेलेलं, दोन्ही बाजूंना उंच भिंती, खाली गवत आणि पार दुसऱ्या टोकाला वेदीची जागा. तिच्यावर मात्र दगडी छताचा तुकडा टिकून आहे.

"हात सोड," बाबा म्हणाले.

"बाबा, दगड आहेत."

"भिंती आहेत ना दोन्हीकडे? कुठे जाणार आहे मी?"

सोडला. ते टाळ्या वाजवत, ऐकत निघाले. मी दबकत मागे.

"मागे येऊ नकोस. चपला ऐकू येतात."

मी थांबले. दहा-बारा पावलांवर ते अडखळले आणि पडले. मी धावले. गुडघ्यावर पँट फाटली होती, तळहात खरचटले होते. माझ्या डोळ्यांत पाणी, आणि बाबा गवतात बसून हात झटकत होते. "वर्षभर हीच भीती होती," ते म्हणाले. "पडेन म्हणून. पडलो. झालं." उठले आणि पुन्हा टाळी वाजवत चालू लागले. यावेळी मी जागेवरच राहिले. किती कठीण होतं ते सांगता येणार नाही.

वेदीपाशी टाळीचा आवाज बदलला. ते तिथेच थांबले. "माधवी, वर छप्पर आलं!" माझं नाव छतावर आपटून परत आलं.

मी पळत गेले आणि छत सांगितलं: छत्रीच्या काड्यांसारख्या दगडी बरगड्या मध्यावर जुळतात, त्यांच्यामधली जागा भरून घेतली आहे. बाबांनी भिंतीवर हात फिरवला. "दगड चौलचाच वाटतो. तिथे कोपरे कापून भार भिंतींवर दिला, इथे काड्यांवरून उतरवला. मशीद आडवी, चर्च उभं. तिथे सगळे बरोबर उभे राहतात, इथे एका टोकाकडे चालत जायचं."

"दोन्हींतलं जास्त काय आवडलं?"

"पडलो तिथलं विसरणार नाही," ते म्हणाले. "पण घुमट... घुमट भारीच."

परतताना वडखळला अडकलोच. बाबा झोपले होते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: बूट घाला, आणि पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं, तेव्हा जपून. फोटो मी या वेळी फार कमी काढलेत. पण डोळे मिटले की त्या तिन्ही इमारती मला उभ्या करता येतात, आणि याआधी लिहिलेल्या एकाही जागेबद्दल हे म्हणता येत नाही.

रविवारी पुण्याहून भावाचा फोन आला. बाबा अर्धा तास बोलत होते: "मी पाहिलं ना, बरगड्या मध्ये जुळतात..." मग फोन माझ्याकडे आला. भाऊ हळूच म्हणाला, "अगं, त्यांना दिसतंय का आता?"

मी काही सांगणार तोच बाबा मागून ओरडले, "ठेवू नकोस गं! मशीद सांगायची राहिलीय!"